अण्णांना एक मीटर घ्यायचाय

अण्णांना पॉवर अ‍ॅनलायझर घ्यायचाय. ही काही बातमी नव्हे. आमच्या फौंड्रीची ती कायमची परिस्थिती आहे. भट्टीचं अस्तर झिजतं, पावसाळ्यात वाळू ओली होते, आणि अण्णांना पॉवर अ‍ॅनलायझर घ्यायचा असतो. नवीन लागलेल्या पोराला पहिल्या आठवड्यात कँटीनची वेळ, बोनसची रीत आणि ही गोष्ट, एवढं सांगून ठेवतात. बाकीचं त्याचं तो शिकतो.

मी परचेसला आहे. इंडेंट आलं की तीन कोटेशनं मागवायची, कंपॅरेटिव्ह करायचं, सर्वांत स्वस्त कोण त्याच्याभोवती गोल करून साहेबांपुढं ठेवायचं, हे माझं काम. ह्या कामाला डोकं लागत नाही असं अण्णांचं मत आहे आणि त्यांनी ते माझ्यापासून कधी लपवलेलं नाही. मला ते नावानं हाकही मारत नाहीत. "काय परचेस, जेवलासा?" एवढंच. मीही त्यांना साहेब म्हणत नाही. शिरोली एमआयडीसीत त्यांना सगळे अण्णाच म्हणतात, आमचे एमडीसुद्धा.

हुद्द्यानं ते इलेक्ट्रिकल मेंटेनन्सचे मॅनेजर. त्यांना केबिन आहे, पण तिच्यात कॅटलॉग राहतात. अण्णा असतात पॅनेल रूममध्ये. खिशाला लाईन टेस्टर, दोरीनं गळ्यात अडकवलेला चष्मा, आणि डावा हात पँटच्या मागच्या खिशात. हा हात तिथून निघत नाही. जुन्या वायरमन लोकांची ती शिस्त: चालू पॅनेलमध्ये एकाच हातानं काम करायचं, म्हणजे झटका बसलाच तर करंट एका हातातून शिरून छातीवरून दुसऱ्या हातानं बाहेर पडायला नको. शिस्त अंगात इतकी मुरलीय की माझ्या मेव्हण्याच्या लग्नात अण्णांनी आहेराचं पाकीट एका हातानं दिलं, अक्षता एका हातानं टाकल्या, आणि फोटोत नवरा-नवरीच्या शेजारी ते असे उभे आहेत की कुणालाही वाटावं, पाठीमागं काहीतरी लपवलंय.

मीटरचं खूळ कुठून आलं ते वायरमन लोक सांगतात. ऑफिसच्या यूपीएसच्या वायरवर दोघांनी दोन टाँग टेस्टर लावले. कॅटलॉगात त्याला क्लँप मीटर म्हणतात, शॉपवर टाँग टेस्टरच. एकावर ४० अँपिअर, दुसऱ्यावर २९. वायर तीच, वेळ तीच. दोघांत आधी पैज लागली, मग आवाज चढले, आणि प्रकरण अण्णांकडं गेलं. अण्णांनी दोन्ही टेस्टर उलटे करून मागची बारीक अक्षरं वाचली.

"हा ४० वाला खरं बोलतोय," ते म्हणाले. "दुसरा सभ्य आहे."

सभ्य म्हणजे काय, तर स्वस्तातला टेस्टर करंटची सरासरी काढतो आणि तिला १.११ नं गुणून आकडा दाखवतो. हा गुणाकार बरोबर येतो, पण लाट शुद्ध साइन असेल तरच. यूपीएस, कॉम्प्युटर, एलईडी दिवे ही मंडळी करंट सरळ घेतच नाहीत. लाटेच्या शेंड्याला तेवढा लचका तोडतात आणि उरलेला वेळ गप्प बसतात. असल्या मोडक्या लाटेलाही शुद्ध मानून चालतो तो सभ्य. ट्रू आरएमएस असं ज्याच्यावर लिहिलंय तो लाट असेल तशी मोजतो. तेव्हापासून आमच्याकडं 'सभ्य' ही टेस्टरला द्यायची शिवी आहे. पुढं ती काही ऑफिसरांनाही लागू झाली, पण तो वेगळा विषय.

आता टाँग टेस्टर कितीही खरं बोलणारा असला तरी तो आत्ताचं बोलतो. रात्री अडीचला काय झालं, हे त्याला विचारून उपयोग नाही. आणि त्या काळात आमचा सगळा धंदा रात्रीचा. रात्री दहा ते सकाळी सहा विजेला दरात सवलत, म्हणून भट्टी रात्री तापायची, अण्णा दिवसा. सकाळी येऊन बघावं तर कुठला तरी ब्रेकर पडलेला, रात्रपाळीचा ऑपरेटर म्हणणार, "आपोआप गेलं ओ अण्णा." ह्या 'आपोआप'चा अण्णांना मनस्वी राग. त्यावर उपाय एकच: पॅनेलमध्ये आठवडाभर ठाण मांडून बसेल आणि व्होल्ट, अँपिअर, हार्मोनिक्स, क्षणभराची डुबकी, सगळं तारीखवार लिहून ठेवील असं यंत्र. म्हणून इंडेंट आलं: पॉवर अ‍ॅनलायझर, नग १.

मी चार दिवसांत तीन कोटेशनं आणून कंपॅरेटिव्ह ठेवलं. अण्णांनी ते एका हातानं उचललं.

"ह्यात दोनच रकाने आहेत," ते म्हणाले. "किंमत आणि डिलिव्हरी. बाकीचे कुठायत?"

बाकीचे रकाने अण्णांनी स्वतः आखायला घेतले, आणि त्यासाठी टाइम ऑफिसमधून कोरं मस्टर मागून नेलं. मस्टरला महिन्याच्या तारखांचे ३१ रकाने छापलेले असतात, आखायचे कष्ट नकोत, हा त्यामागचा विचार. हजेरीच्या नावांच्या जागी फ्लूक, हिओकी, क्योरित्सू, शोवाँ आर्नू, क्रायकार्ड, नाशिकचं ऋषभ. प्रत्येकापुढं कुठं हजर, कुठं गैरहजर, कुठं लाल शाईत अर्धी रजा. ते मस्टर आजही आहे. ३१ रकाने भरले तेव्हा त्यांनी फेब्रुवारीचं पान जोडलं.

पहिल्याच रकान्याचं नाव: 'भांडायला का शोधायला?'

हा रकाना मी इथं जरा सावकाश सांगतो, कारण अण्णांचं अर्धं तत्त्वज्ञान त्यात आहे. ह्या यंत्रांनी मोजमाप कसं करायचं याचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६१०००-४-३०. त्यात दर्जे दोन, क्लास ए आणि क्लास एस. ए म्हटलं की व्होल्टेज ०.१ टक्क्यात बसलं पाहिजे, एसला ०.५ टक्का चालतो. पण अण्णांच्या मते खरी गोष्ट टक्क्यांची नाहीच. क्लास एचं यंत्र कुणाही कंपनीचं असो, एकाच वायरवर दोन लावली तर दोघांनी एकच साक्ष द्यावी, अशी त्यात मोजायची रीतच बांधून दिलीय. म्हणून वीजपुरवठादाराशी नाहीतर भट्टी विकणाऱ्याशी कागदोपत्री भांडायचं असेल, तर ए. आपल्याच घरातला चोर शोधायचा असेल, तर एस पुरे. आणि एस बराच स्वस्त.

एमडींनी हे शांतपणे ऐकून घेतलं. "मग आपल्याला काय पाहिजे, अण्णा?"

"आधी शोधायचं. सापडला तर भांडायचं."

"म्हणजे दोन घ्यायचे?"

"तेच बघतोय," अण्णा म्हणाले. तेच ते अजून बघतायत.

दुसरा महत्त्वाचा रकाना जिवाचा. यंत्रावर कॅट थ्री १००० व्होल्ट, कॅट फोर ६०० व्होल्ट असं लिहिलेलं असतं. मला ते मांजराच्या जातीसारखं वाटायचं. अण्णांनी एकदा मला मेन पॅनेलपुढं उभं करून समजावलं: ट्रान्सफॉर्मरच्या जितकं जवळ जावं तितकी शॉर्ट सर्किटची ताकद मोठी, आणि लाईनवर अचानक येणारा झटकाही दांडगा, तो सोसायची यंत्राची लायकी किती, ते हा आकडा सांगतो. घरातल्या प्लगला चालणारं यंत्र मेन इनकमरला लावलं तर ते मोजत नाही, फुटतं. आणि नुसत्या यंत्रावर आकडा असून भागत नाही, वायरवर आणि प्रोबवरही पाहिजे. तिघांत जो सर्वांत कमी तोच खरा. हे अण्णा इतकं मनावर घेतात की एकदा डेमोला आलेल्या पोराच्या प्रोबची वायर जराशी सोललेली दिसली, तर त्यांनी ती पकडीनं तिथंच दोन तुकडे करून त्याच्या हातात ठेवली. "आता कुणी वापरणार नाही," म्हणाले. वायर त्या पोराच्या कंपनीची होती. तिचं बिल माझ्याकडं आलं.

मग क्लँपचा रकाना. तो तर तीन दिवस चालला. हल्ली सगळे विक्रेते लवचीक कॉइल दाखवतात, रोगोव्हस्की म्हणतात तिला. बसबार कितीही रुंद असो, माळेसारखी गळ्यात घातली की झालं. तीन हजार अँपिअरला ती फार छान. पण आमच्या एचटी मीटरिंगला मोजायचं असतं सीटीच्या पलीकडं, तिथं सगळा मिळून पाच अँपिअर. तिथं ही माळ घातली तर आकडा नाचत राहतो, कारण एवढ्या थोडक्या करंटचा तिला पत्ताच लागत नाही. तिथं लहान तोंडाचा लोखंडी गाभ्याचा क्लँपच पाहिजे. विक्रेता म्हणाला, "ते अ‍ॅक्सेसरीजमध्ये येतं, सर." अ‍ॅक्सेसरीज हा शब्द ऐकला की अण्णा आणि मी, दोघांचाही हात एकदम कपाळाला जातो. आमचं एकमत होणारी ती एकच जागा.

अण्णांच्या ऐकीव गोष्टी पुष्कळ आहेत, पुठ्ठ्याचा डबा मात्र मी डोळ्यांनी पाहिलाय. प्रत्येक यंत्राचं माप कॅटलॉगातून घेऊन अण्णांनी बुटाच्या खोक्यांतून तेवढे डबे कापले, त्यांना सुतळीच्या वायरी लावल्या, आणि एकेक डबा एमसीसी पॅनेलच्या तळाशी ठेवून दार लावून पाहिलं. यंत्र सात दिवस आत राहणार. दार बंद झालं पाहिजे, क्लँप चिमटता कामा नये, कुलूप लागलं पाहिजे. सात दिवसच का, तर आठवड्यात एक सुट्टी येते, आणि सुट्टीच्या दिवशी लोड उतरून व्होल्टेज चढतं, ते पण लिहिलं जायला हवं. तीन डब्यांना दार लागलं नाही. ते तिघे त्या रकान्यात गैरहजर.

माझा पहिला रकाना, किंमत, ह्या मस्टरात कुठंच नव्हता. विचारलं तर म्हणाले, "ते शेवटी बघू. ते काय, कुणालाबी कळतं."

पण कॅटलॉगवर अण्णांचा विश्वास नाही. "म्हैस घ्यायची तर दावणीला उभी करून धार काढून बघायची, फोटो बघून नाही," हे त्यांचं वाक्य. आणि कोल्हापुरात, जिथं संध्याकाळी कट्ट्यावर म्हैस उभी करून समोर पिळलेलं धारोष्ण दूध लोक ग्लासनं पितात, तिथं ह्या वाक्याला कुणी नाही म्हणू शकत नाही. तेव्हा डेमो सुरू झाले.

पहिला डेमो घेऊन आलेला पोरगा नवाकोरा, टाय लावलेला, कानापर्यंत घामेजलेला. त्यानं तीन क्लँप काढले. अण्णांनी चौथा कुठंय विचारलं. "थ्री फेज आहे ना सर?" "आणि न्यूट्रल काय पाहुणा आलाय?" चौथा क्लँप पुण्याहून मागवला, तो दुसऱ्या दिवशी एसटीच्या पार्सलनं आला. लावला. प्रत्येक फेजला साठच्या आसपास, न्यूट्रलला ८८. पोरगा म्हणाला यंत्र खराब आहे. अण्णा म्हणाले यंत्र उत्तम आहे. ऑफिस, ड्रॉइंग रूम आणि सगळे नवे एलईडी दिवे ज्या पॅनेलवर, तिथं तिसरा हार्मोनिक, म्हणजे पुरवठ्याच्या तिप्पट वारंवारतेचा करंट, १५० हर्ट्‌झचा. तिन्ही फेजचे एरवीचे करंट न्यूट्रलमध्ये एकमेकांना खोडून काढतात. तिसरा हार्मोनिक तिथं खोडला जात नाही, बेरीज होऊन जातो. आणि आमच्या न्यूट्रलची वायर फेजच्या निम्म्या जाडीची, कारण पूर्वी तशीच घालायची पद्धत. रंगा वायरमन गेले कित्येक महिने सांगत होता, "अण्णा, न्यूट्रल लई तापतंय बघा." दुसऱ्या रविवारी जाड न्यूट्रल पडलं. पोरगा डेमो सेट घेऊन परत गेला. अण्णांनी मस्टरात नोंद केली: 'स्क्रीन उन्हात दिसत नाही.'

दुसरा डेमो पावसाळ्यात. आभाळ गडगडलं की आमची सीएनसी मशीनं आणि वाळूच्या प्लँटचे काँटॅक्टर एकदम बसायचे, लाईट मात्र नुसता मिचकावायचा. कुणीतरी सर्वो स्टॅबिलायझरचं भलं मोठं कोटेशन देऊन गेलं होतं, आणि ते माझ्या टेबलावरून पुढं निघालं होतं. अण्णांनी आधी एक साधा लॉगर लावून बघितला. तो दहा-दहा मिनिटांची सरासरी लिहिणारा. त्याच्या कागदावर २२९, २३०, २३१, सगळं आलबेल. मग त्यांनी दुसऱ्या कंपनीचा अ‍ॅनलायझर डेमोला बोलावला, जो दर अर्ध्या सायकलला, म्हणजे दर दहा मिलिसेकंदाला, नवा आकडा काढतो. तिसऱ्या रात्री सापडलं: २३० वरून १४०, ११० मिलिसेकंद, आणि परत २३०. त्याच सबस्टेशनवरच्या दुसऱ्या कुठल्या तरी फीडरवर फांदी पडली असेल, तिथला ब्रेकर उघडेपर्यंत आमचं व्होल्टेज बसलं. दहा मिनिटांच्या सरासरीत ११० मिलिसेकंद कुठं दिसायचे? आणि सर्वो स्टॅबिलायझरची मोटर ब्रश हलवायला निघेपर्यंत हा सगळा तमाशा आटोपलेला. अण्णांनी काँटॅक्टरच्या कंट्रोल सप्लायला आणि मशीनच्या कंट्रोलला लहान लहान यूपीएस लावले. स्टॅबिलायझरचं कोटेशन मी फाईलला लावलं. मस्टरातली नोंद: 'बॅटरी काढायला स्क्रू ड्रायव्हर लागतो. नापसंत.'

तिसऱ्या डेमोला आलेल्या पोरानं क्लँप उलटे घातले. क्लँपवर बाण असतो, तो लोडकडं पाहिजे. त्याचा ट्रान्सफॉर्मरकडं. स्क्रीनवर किलोवॅट वजामध्ये. "सर, तुमचा प्लँट पॉवर एक्सपोर्ट करतोय!" तो आनंदानं ओरडला. अण्णा म्हणाले, "वा. परचेस, बोर्डाला बिल लाव." पोरगा कानापर्यंत लाल. मग मात्र अण्णांनी त्याला अर्धा तास दिला. कुठल्या व्होल्टेजच्या वायरीशी कुठला क्लँप जोडीनं जातो, एक जरी अदलाबदल झाली तर पॉवर फॅक्टर कसा वेड्यासारखा दिसतो, फेज सिक्वेन्सचं पान आधी उघडायचं आणि मगच रेकॉर्डिंगचं बटण दाबायचं. हे त्या पोराला त्याच्या कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये कुणी सांगितलं नव्हतं. शिकवताना अण्णांचा डावा हात खिशातून बाहेर येतो असं लोक म्हणतात. मी पाहिलेला नाही.

त्याच डेमोत कपॅसिटरचा निकाल लागला. पॉवर फॅक्टर सांभाळणाऱ्या एपीएफसी पॅनेलमधले फ्यूज उडत होते, कपॅसिटर फुगत होते, आणि मी दर तिमाहीला नवे मागवत होतो. अण्णांनी पॅनेलच्या दारावर खडूनं गणित मांडलं. ट्रान्सफॉर्मर १००० केव्हीएचा, इंपीडन्स ५ टक्के, म्हणजे शॉर्ट सर्किटची ताकद २०,००० केव्हीए. आत असलेले कपॅसिटर ४०० केव्हीएआर. भागिले: ५०. वर्गमूळ: सातच्या आसपास. "सातवा," ते म्हणाले. आमच्या ड्राइव्ह पाचवा आणि सातवा हार्मोनिक सोडतात, आणि कपॅसिटर नि ट्रान्सफॉर्मर मिळून नेमक्या सातव्याला वाढवून देतात. अ‍ॅनलायझरनं पण तेच दाखवलं, बारचार्टमध्ये सातवा खांब बाकीच्यांच्या डोक्यावर. मग ७ टक्क्यांच्या रिअ‍ॅक्टरसकट नवी बँक घेतली, कपॅसिटरही जास्त व्होल्टचे. जुळणी गेली १८९ हर्ट्‌झवर, पाचव्याच्या खाली, जिथं कुणी राहत नाही. १ एप्रिल २०२० पासून एचटी ग्राहकांना बिल केव्हीएएचवर यायला लागलं तेव्हा शेजारच्या दोन फौंड्र्यांत पॉवर फॅक्टरवरून पळापळ झाली. आमच्याकडं सगळे कपॅसिटर जागेवर आणि जिवंत. खडूचं गणित अजून त्या दारावर आहे, रंगाऱ्यानं रंग देताना तेवढा चौकोन सोडला.

मस्टरात मात्र त्या यंत्रापुढं: 'किल्लीचा आवाज मोठा. रात्री त्रास.'

हे असं चाललं. आता विक्रेते काही खुळे नव्हेत. फुकट डेमोनं कारखाना दुरुस्त होतोय हे त्यांना केव्हाच कळलं होतं. तरी येत राहिले. कारण अण्णांच्या हातून गेलेला पोरगा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं क्लँप उलटा घालत नाही. एका कंपनीचा साहेब मला फोनवर म्हणाला, "आमचे नवीन इंजिनिअर आम्ही आधी तुमच्याकडंच पाठवतो." शिवाय ही पोरं एका कंपनीत टिकत नाहीत. पहिल्या डेमोचा तो टायवाला पुढं दुसऱ्या ब्रँडचा टाय लावून आला, मग तिसऱ्या. येताना दर वेळी नवं ज्ञान. २०१४ साली त्यानं सांगितलं होतं, "सर, क्लास एस तुम्हाला भरपूर झाला, ए म्हणजे नुसते पैसे." २०१७ साली: "सर, क्लास ए नसेल तर त्या रीडिंगला कोण विचारतंय?" अण्णांनी फाईल उघडून त्याचं पहिलं वाक्य, त्याच्याच सहीनिशी आणि तारखेनिशी, त्याला वाचून दाखवलं. पोरगा हसला आणि म्हणाला, "अण्णा, तेव्हा आमच्याकडं ए नव्हता." हे उत्तर अण्णांना इतकं आवडलं की त्यांनी त्याला घरी जेवायला नेलं. तांबडा, पांढरा, मटण, सगळं. ऑर्डर सोडून सगळं.

अण्णांच्या घरी कपाटात एक अ‍ॅव्होमीटर आहे, त्यांच्या उस्तादानं रिटायर होताना दिलेला, काळा, विटेएवढा जड. १९२३ साली ब्रिटिश पोस्ट खात्यातल्या डोनाल्ड मॅकाडी नावाच्या इंजिनिअरला अँपिअरचं, व्होल्टचं आणि ओहमचं अशी वेगवेगळी यंत्रं वागवायचा कंटाळा आला, म्हणून त्यानं तिन्ही एकात बसवली. त्याचं हे अपत्य. जेवणानंतर तो बाहेर निघतो, पुसला जातो, परत आत जातो. "त्याला कंटाळा आला म्हणून त्यानं काम सोपं केलं," अण्णा सांगतात. "आणि हे लोक मेनूत मेनू घालून मला कंटाळा आणतायत."

कोंडी फोडली ती ऑडिटरनं. इंटर्नल ऑडिटच्या एका तरुण मुलीनं गेटचे रिटर्नेबल चलन तपासताना प्रश्न लावला: 'पॉवर अ‍ॅनलायझर (डेमो), आवक-जावक वारंवार. खरेदी शून्य. खुलासा करावा.' खुलासा मलाच करायचा होता. मी एका कागदावर न्यूट्रल, स्टॅबिलायझर आणि कपॅसिटर यांचे आकडे मांडून तो एमडींना दिला. त्यांनी तो दोनदा वाचला, अण्णांना बोलावलं, आणि विचारलं, "अण्णा, म्हशीची धार काढून झाली असली तर आता म्हैस घेऊया का? मार्च आहे. बजेट एकतीस तारखेला जातंय."

अण्णा गप्प. मग म्हणाले, "मस्टर बघून ठरवा."

मस्टर घेऊन मी बसलो. प्रत्येक ओळीतल्या हजेऱ्या मोजल्या, अर्ध्या रजा जमेस धरल्या, फेब्रुवारीच्या पानासकट. दोन यंत्रं अगदी समसमान आली. मी परत मोजलं, परत समान. तेव्हा मी ते अण्णांच्या टेबलावर ठेवलं.

"टाय झालाय, अण्णा. आता काय करायचं?"

अण्णांनी चष्मा लावला, खूप वेळ बघितलं. मी वाट पाहिली. खोटं कशाला बोलू, मजा येत होती.

"किंमत बघा," ते शेवटी म्हणाले.

मी गोल केला.

यंत्र आलं ते एका हातात मावणाऱ्या बॅगेतून, क्लास ए, चार लवचीक क्लँप, एक लहान तोंडाचा क्लँप ज्याचे वेगळे पैसे पडले. अण्णांनी मॅन्युअल पहिल्या पानापासून वाचलं, परवान्याच्या अटींसकट. क्लँपचे बाण बघितले. प्रोबवरचे कॅटचे आकडे बघितले. डब्यानं आधीच सिद्ध केलं होतं तरी पॅनेलचं दार लावून बघितलं. मग कॅलिब्रेशन सर्टिफिकेट दिव्याखाली धरलं.

"हे बनवणाऱ्यानं स्वतःच दिलंय," ते म्हणाले. "आपल्या पोराला आपणच मार्क दिल्यागत."

"एनएबीएल लॅबचं करून घेऊ, अण्णा. मी पीओ काढतो."

"त्याला वेळ लागतो. तोवर कसं कळायचं हा खरं बोलतोय का सभ्य आहे?"

आणि माझ्यासमोर त्यांनी फोन लावला. ज्याला ऑर्डर मिळाली नव्हती त्या कंपनीला.

"हॅलो, अण्णा बोलतोय, शिरोलीहून. हां, घेतला एकदाचा. नाही, तुमचा नाही. हां. हां. तसं मनाला लावून घेऊ नका ओ, समसमान होता तुमचा, परचेसनं मारला. ऐका की, काम वेगळंच आहे. आमचा नवीन बरोबर दाखवतोय का बघायला शेजारी एक लावायचाय. दोन्ही क्लास ए, दोघांनी एकच सांगायला पाहिजे. तुमचा डेमो सेट ह्या आठवड्यात मोकळा आहे काय?"

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. अण्णांचा चेहरा मात्र खुलला.

"या या. सोमवारी या. जेवायलाच या. आणि हे बघा, चौथा क्लँप आठवणीनं आणा."